महादजी शिंदेंची कवायती फौज: तोफा आपल्या, अधिकारी परके

१४ जानेवारी १७६१. पानिपतातून निसटताना महादजी शिंदेंचा पाय कायमचा जायबंदी झाला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांचा जीव वाचवला. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून सरदार केलं.

उत्तरेच्या सपाट मैदानात नुसत्या घोडदळावर भागणार नाही, हे महादजींनी ओळखलं. १७८४ मध्ये त्यांनी युरोपातल्या साव्हॉयच्या डी बॉईनला नोकरीवर घेतलं आणि दोन कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्यात तोफांचा कारखाना निघाला. पण फौज म्हणजे नुसती शस्त्रं नव्हेत. १७८७ मध्ये लालसोटला पगार थकलेल्या बादशाही पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली.

हा धडा महागात पडला, पण उपयोगी ठरला. डी बॉईनच्या कंपूच्या खर्चासाठी दोआबातला मुलूखच लावून दिला गेला. शिपायाला वेळेवर पगार! १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे याच फौजेने राजपूत फौजांना हरवलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली: वरचे अधिकारी सगळे परके. त्यांच्या जागी आपली माणसं तयार झालीच नाहीत. १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीत महादजी वारले. पुढे डी बॉईन मायदेशी परतला.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा त्याचा वारस पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. बरेच युरोपीय अधिकारीही फौज सोडून गेले. नोव्हेंबरात लासवारीला उरलेले शिपाई त्यांच्याविनाच तोफांपाशी उभे राहून लढले.