विश्लेषण : वरातीत हमखास वाजणारा ‘अलबेला’चा ठेका… तो देणारे सी. रामचंद्र कोण होते?

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो की सोसायटीचे स्नेहसंमेलन, ‘शोला जो भडके’ सुरू झाले की ज्याला नाचता येत नाही तोही हात वर करून संथ पावले टाकू लागतो. ही स्टेप भगवानदादांची, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण गाण्यातला पुरुषाचा आवाज कोणाचा आणि चाल कोणाची, असे विचारले तर उत्तर पटकन येत नाही. दोन्ही एकाच माणसाचे आहेत. अहिल्यानगर (तेव्हाचा नगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांचे, म्हणजेच सी. रामचंद्र यांचे. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चालही त्यांचीच. असे असूनही ‘पाश्चात्त्य धर्तीची उडती गाणी करणारा’ हा शिक्का त्यांच्यावर अनेक वर्षे राहिला. तो का बसला आणि कितपत खरा होता?

पुणतांब्याचा मुलगा चित्रपटांत कसा आला?

सी. रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. संगीताचे शिक्षण पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. म्हणजे पाया शास्त्रीय संगीताचाच होता. चित्रपटात मात्र ते आले नट म्हणून. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली, पण नट म्हणून जम बसला नाही. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते किरकोळ भूमिका करू लागले आणि तिथल्या संगीत विभागात पेटी वाजवू लागले. ही पेटीच पुढे कामी आली. संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती हिंदी किंवा मराठीत नव्हे, तर ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांत.

भगवानदादांशी असलेली मैत्री किती महत्त्वाची ठरली?

भगवान पालव तेव्हा कमी खर्चाचे स्टंटपट काढत. १९४२ च्या ‘सुखी जीवन’चे संगीत त्यांनी रामचंद्र यांच्याकडे सोपवले आणि हिंदीतला रस्ता खुला झाला. १९४७ मध्ये फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ने सी. रामचंद्र हे नाव घरोघरी पोहोचवले. रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे त्यातले गमतीदार गाणे हिंदी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ करणारे होते आणि त्यात शिट्टीचाही वापर होता. १९४९ च्या ‘पतंगा’मधले रंगूनच्या टेलिफोनचे गाणेही असेच गाजले. भगवानदादांनी स्टंटपट सोडून १९५१ मध्ये सामाजिक, संगीतप्रधान ‘अलबेला’ काढला, तेव्हा संगीतकार म्हणून जुना मित्रच सोबत होता.

‘अलबेला’चा ठेका नेमका कसा घडला?

त्या काळचा हिंदी वाद्यवृंद प्रामुख्याने तबला, ढोलक, सतार, बासरी, व्हायोलिन यांवर उभा असे. रामचंद्र यांनी ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आणले. बोंगोमुळे ठेका हलका आणि उसळता झाला. गायकाची ओळ संपते तिथे फुंकवाद्ये उत्तर देतात आणि त्या जागेत नाचणाऱ्याला पाऊल टाकायला वाव मिळतो. चाल मात्र साधी, कोणालाही गुणगुणता येईल अशी. वाद्ये परदेशी आणि गळ्यावरची चाल देशी, हे त्यांचे सूत्र होते.

दुसरी बाब आवाजाची. भगवानदादा रूढ अर्थाने देखणे नायक नव्हते. ठेंगणे, स्थूल आणि हसतमुख. त्यांना घोटीव गळा शोभला नसता. रामचंद्र स्वतः ‘चितळकर’ या नावाने लता मंगेशकर यांच्यासोबत गायले. आवाज बिनसजावटीचा, गप्पा माराव्यात तसा. त्यामुळे गाणे पडद्यावरच्या साध्या माणसाचे वाटले. मात्र संगीतकार ‘सी. रामचंद्र’, गायक ‘चितळकर’, काही चित्रपटांत ‘अण्णासाहेब’ किंवा ‘राम चितळकर’ अशी नावे वापरल्याने ही वेगवेगळी माणसे आहेत, असा अनेकांचा समज झाला. श्रेय विखुरण्याचे हे एक कारण.

गोव्याच्या वादकांचा वाटा कोणता?

हा आवाज एकट्याने घडला नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. तिथले तरुण मुंबईत येऊन हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. तेव्हा गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होई. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी समोरचा कागद वाचून अचूक वाजवणारे वादक मोलाचे ठरत.

त्यांपैकी एक होते ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. मूळचे बार्देशातल्या हळदोण्याचे. मुंबईच्या जॅझ वर्तुळात त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी होई. रामचंद्र यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केले आणि ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. १९५७ च्या ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’ या रॉक अँड रोल धर्तीच्या गाण्यातही जॉन गोम्स या गोमंतकीय वादकाने कोकणी शब्दांची भर घातल्याचे सांगितले जाते. मात्र पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशा वादकांना क्वचितच जागा मिळे. ‘अलबेला’तले चिक चॉकलेट हा विरळा अपवाद.

या गाण्यांवर आक्षेप काय होता?

‘शहनाई’पासूनच अशी गाणी उथळ आणि परकी असल्याची टीका होत होती. १९५२ मध्ये पुण्याचे बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा प्रसार हे त्यांचे धोरण होते आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.

‘पाश्चात्त्य’ हा शिक्का अर्धवट का होता, हे त्याच वर्षांतल्या कामावरून दिसते. ‘अलबेला’तच नाचाच्या गाण्यांच्या जोडीला लता मंगेशकर यांच्या आवाजातली हळुवार अंगाई आहे. १९५३ चा ‘अनारकली’ रागदारीच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांनी गाजला. १९५५ च्या ‘आझाद’ची सारी गाणी त्यांनी महिनाभरात तयार केल्याचे सांगितले जाते. व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ (१९५९) मध्ये तर ठसा पूर्णपणे देशी आहे.

‘ऐ मेरे वतन के लोगों’ त्यांच्या वाट्याला कसे आले?

चीनबरोबरच्या युद्धातल्या पराभवानंतर दिल्लीत जवानांसाठी निधी उभारण्याचा कार्यक्रम ठरला. कवी प्रदीप यांच्या गीताला चाल रामचंद्र यांनी दिली. एकेकाळी त्यांची बहुतेक उत्तम गाणी लता मंगेशकर यांच्याच आवाजात होती, पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दोघांचे एकत्र काम थांबले होते. या गाण्यासाठी ते पुन्हा एकत्र आले. २७ जानेवारी १९६३ रोजी नॅशनल स्टेडियमवर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत ते सादर झाले. इथे बोंगो नाही, सॅक्सोफोनची गंमत नाही. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून वाद्ये मागे राहतात. गाण्याला काय हवे ते ओळखणारा संगीतकार दोन्हीकडे एकच आहे.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

साठच्या दशकात नवे संगीतकार पुढे आले आणि हिंदीतली त्यांची कामे कमी होत गेली. ते मराठीकडे वळले. ग. दि. माडगूळकर यांचा ‘गीतगोपाल’ त्यांनी स्वरबद्ध केला, १९७० च्या ‘घरकुल’ला संगीत दिले. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आले. ५ जानेवारी १९८२ रोजी, ६४ व्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या आकाशवाणीने कधीकाळी अशा संगीतकारांच्या चित्रपटगीतांना दार बंद केले, तीच आता १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सी. रामचंद्र यांची चाल ऐकवते. वरातीतल्या बँडने तर त्यांच्यासाठी दार कधी बंद केलेच नव्हते.