डॉ. कमल रणदिवे : कर्करोगातील आनुवंशिकतेचा मागोवा

जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात मोठी वस्ती महादेव कोळी समाजाची. हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडली की जुन्नरच्या उत्तरेस लागणारा अकोले तालुकाही तसाच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या तालुक्यात आयुष्याच्या उत्तरार्धात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या, हे तेथे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमलने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. १९३९ मध्ये त्यांनी गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह केला. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर त्यांनी एम.एस्सी.साठी संशोधन केले, तेव्हा पतीचे साहाय्य मोलाचे ठरले.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची दिशा ठरली. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वंशांतील स्तनग्रंथींचा त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला. एकाच पिंजऱ्यात, एकाच अन्नावर वाढलेल्या प्राण्यांपैकी एका वंशाला रोग व्हावा आणि दुसऱ्याला न व्हावा, हे कोडे साधे नव्हे. रोगप्रवणता, संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचा परस्परसंबंध हाच पुढे त्यांचा विषय झाला. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. प्रसिद्ध हेला पेशी वाढविल्या गेल्या त्या याच प्रयोगशाळेत.

मायदेशी परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी स्तन व अन्ननलिकेच्या कर्करोगाबरोबरच ल्युकेमियाचाही प्राण्यांमध्ये अभ्यास सुरू केला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे प्रभारी संचालकपदही सांभाळले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

परळमध्ये हे काम चालू असतानाच जगात दीर्घकालीन ल्युकेमियाचे रहस्य उलगडत होते. या रोगाच्या मायलॉइड प्रकारात रुग्णांच्या पेशींत आढळणारे एक आखूड गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले. क्रमांक ९ व २२ च्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून ते घडते, हे जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यातून निर्माण होणाऱ्या प्रथिनालाच रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती मे २००१ मध्ये. रणदिवे यांचे निधन त्याच्या आदल्याच महिन्यात झाले.

औषध आले, तरी सर्वांना सारखा गुण येईना. काही रुग्णांच्या कर्कपेशींत उपचारांदरम्यान नवे उत्परिवर्तन होऊन औषध निष्प्रभ ठरते. काहींना मात्र जनुकाचा प्रतिकूल प्रकार जन्मतःच मिळालेला असतो. पूर्व आशियातील काही लोकांत आढळणारा ‘बिम’ जनुकाचा असाच एक प्रकार २०१२ मध्ये उघड झाला. त्या जनुकाचा छोटासा भाग गळालेला असल्याने पेशी मरण्याचा संकेत क्षीण होतो आणि इमॅटिनिबचा परिणाम मंदावतो. आजार तोच, गोळीही तीच, पण फरक रुग्णाला वारशाने मिळालेल्या घडणीचा. उंदरांच्या चार वंशांत रणदिवे याच फरकाचे कारण शोधत होत्या. मात्र तेव्हा जनुकाची अक्षरे वाचण्याचे साधन जगात कोणाकडेच नव्हते.