डीएनए टेस्टने बदलला द्राक्षाचा बाप: हेर्मान म्युलर यांची गोष्ट

डीएनए टेस्ट म्हटलं की बहुतेकांना क्राइम सीरिज आठवते. मला हेर्मान म्युलर आठवतात.

जन्म 1850 चा, स्वित्झर्लंडच्या थुरगाऊ भागातला. वडील पाव भाजायचे, द्राक्षंही लावायचे. म्युलर हे आडनाव तिकडे इतकं कॉमन, की पुढे त्यांनी त्याला आपल्या भागाचं नाव जोडलं: म्युलर-थुरगाऊ. (युजरनेम आधीच कुणी घेतलं असेल तर आपणही हेच करतो ना?) वुर्झबुर्गला डॉक्टरेट केली आणि 1876 पासून ते जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या गायझेनहाइमला संशोधन करू लागले.

तिथली अडचण साधी होती. व्हाइट वाइनसाठी रिस्लिंग द्राक्ष एक नंबर, पण पिकतं उशिरा. थंडी लवकर आली की घड आंबटच राहतात आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. सिल्वानर लवकर पिकतं, पण त्याला तो सुगंध नाही. दोघांचे गुण एका वेलीत आणायला म्युलर यांनी 1882 मध्ये संकर केला.

हे काम फार किचकट असतं. द्राक्षाच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. म्हणून फूल उमलायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढायचे, हवा तो पराग लावायचा, वर पिशवी बांधायची. त्यातून मिळालेल्या प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं, सख्ख्या भावंडांसारखं. फळ धरायलाच काही वर्षं जातात. मग कधी पिकतं, साखर किती, आम्ल किती, रोग पडतो का हे बघायचं आणि शेवटी थोडी वाइन करून चाखायची. एखादं रोप आवडलं की त्याच्या काड्या लावायच्या. काडीतून येते ती हुबेहूब कॉपी.

1891 मध्ये ते स्वित्झर्लंडला परतले, वेडेन्सविलच्या नव्या संस्थेचे संचालक म्हणून. मागून सुमारे 150 रोपं आली आणि त्यांतलं 58 नंबरचं सरस ठरलं. द्राक्षरस न आंबवता बाटलीत टिकवण्याचं तंत्रही त्यांनी तिथेच बसवलं. 1927 मध्ये ते वारले. पुढे काही काळ त्यांची जात जर्मनीत सर्वाधिक लावली जात होती.

आता डीएनए. त्यात ठरावीक जागी काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा, ते प्रत्येक जातीत वेगळं. समजा, पोराकडे एका जागी 12 आणि 15 हे आकडे आहेत. 12 आईकडून आला, तर 15 बापाकडे असायलाच हवा. म्युलर-थुरगाऊची अशी तपासणी झाली तेव्हा आई रिस्लिंगच निघाली, पण सिल्वानरचे आकडे जुळेनात. 2000 मध्ये खरा बाप सापडला: माडलेन रॉयाल, खायचं द्राक्ष, लवकर पिकणारं!

म्हणजे नोंद चुकली होती, पण वेलीची पारख बरोबर होती. मला हेच भारी वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र या वाइनच्या बाटल्यांवर आजही रिस्लिंग-सिल्वानर हेच नाव दिसतं.