फादर स्टीफन्स : नरक आणि मुक्तीची मराठी

‘क्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ म्हणून तुम्हांला परिचित आहे. त्याच्या कर्त्यापुढचा पेच मात्र ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीत धर्मकार्य करीत राहिले. त्यांच्या नवख्रिस्ती श्रोत्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, नरकाला ‘यमकोंड’. पण पुराणांतला नरक पापाचा भोग सरताच संपतो. ख्रिस्ती नरकाला अंत नाही, आणि पुनर्जन्माची सोयही नाही. शब्द ओळखीचा, शिक्षा अनोळखी! म्हणूनच तारणाऱ्याची कथा आदामाच्या पापापासून सांगणे त्यांना अगत्याचे वाटले असावे. ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले.