सनद नसलेला वकील : नामदार गोखले

पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या मजुराची बाजू कोणी मांडावी? गावात त्याला चार माणसे ओळखतात. परमुलखात त्याचे कोणीच नसते. अशा मजुरांसाठी अखेरपर्यंत झिजलेले पुढारी म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली व तुटपुंज्या पगारातून धाकट्याला शिकविले. १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील कळमन्याच्या मार्केट यार्डात पोती वाहतात. म्हणून मला तो थोरला भाऊही गोखल्यांइतकाच मोठा वाटतो.

फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, १९०५ मधील भारत सेवक समाजाची स्थापना हे सर्वांना ठाऊक आहे. गिरमिटियांसाठी त्यांनी केलेले काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८६० पासून हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. अंगठा उठविणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे ते कळत नसे. काम सोडले तर तुरुंग ठरलेला. मुदत संपल्यावर तेथेच मोकळेपणाने राहू पाहणाऱ्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ रुपयांचा कर बसला. पुढे तो १६ वर्षांवरील मुलांवर आणि १३ वर्षांवरील मुलींवरही लादला गेला.

गोखल्यांजवळ वकिलीची सनद नव्हती. पण कायद्याचा व आकड्यांचा अभ्यास होता. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदे मंडळात ठराव आणला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची मजूरभरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये ही पद्धतच मोडण्याचा ठराव त्यांनी मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. तरी ते थांबले नाहीत. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले, मजुरांना भेटले, मंत्र्यांशी बोलले. जोहान्सबर्गला गांधीजींच्या आग्रहावरून ते आपल्या मराठीत बोलले.

कर रद्द होईल अशी समजूत घेऊन ते परतले, पण तो रद्द झाला नाही. १९१३ मध्ये हजारो मजुरांनी संप केला. गोखल्यांनी आजारपणातही त्यांच्यासाठी देशभर निधी जमविला. अखेर १९१४ च्या कायद्याने कर गेला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. गिरमिटियांची भरती १९१७ साली थांबली. ते पाहण्यास ते उरले नाहीत.

मित्रहो, आजही कळमन्यात परप्रांतांतून मजूर येतात. १९८७ च्या कायद्यानुसार गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. पण हे त्याला सांगणार कोण? आपण चार बुके शिकलो, तर निदान अंगठा उठण्यापूर्वी त्याचा कागद त्याला वाचून दाखवावा. गोखल्यांचे स्मरण याहून वेगळे ते काय?