आधी खराटा, मग कीर्तन

नाशिक, प्रतिनिधी – नाशिकला गोदाकाठी संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे आणि गोदावरीवर त्यांच्याच नावाचा पूल. आरोग्याची गोष्ट लोकांच्या गळी कशी उतरवावी, हा प्रश्न शासनाला आणि वृत्तपत्रांना आजही पडतो. त्याचे उत्तर शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या कीर्तनकाराने आपल्या आयुष्याने दिले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी गुरे राखत, शेती करीत डेबूजी वाढले. पुढे मुलीच्या बारशाला मद्य-मांसाच्या जेवणाची रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती मातीचे गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला.

तो काळ साथींचा होता. पटकीच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये जाहीर केला होता. तरी यात्रांपाठोपाठ पटकी गावोगाव पोहोचतच होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुण्यात साथ रोखण्यासाठी सरकारने घराघरांत सैनिक घुसवले. लोकांत भीती आणि संताप पसरला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शास्त्र होते, सत्ताही होती. नव्हता तो सांगणाऱ्यावरचा विश्वास.

गाडगेबाबांनी नेमका तोच मिळवला. गावात शिरताच ते कोणाची वाट न पाहता रस्ते आणि गटारे झाडू लागत. वेड्यासारखा दिसणारा हा माणूस आपली घाण काढतो आहे, हे पाहून आधी मुले आणि मग थोरही हात लावीत. संध्याकाळी झाडलेल्या जागेवरच कीर्तन उभे राही. ठेवणीतली भाषा नव्हे, घरातली वऱ्हाडी बोली. बाबा साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. दारू, कर्ज काढून केलेली लग्ने, नवसाची बकरी, अस्पृश्यता, मुलांचे शिक्षण हे त्यांचे विषय. अस्वच्छता, व्यसन आणि अज्ञान या त्यांच्या लेखी एकाच रोगाच्या तीन खुणा होत्या. कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य करीत नसत.

बोलणे जिथे अपुरे पडते, तिथे त्यांनी सोय उभी केली. उघड्यावर राहणाऱ्या यात्रेकरूला स्वच्छता सांगून भागत नाही, त्याला निवारा हवा, हे त्यांनी ओळखले. पंढरपूर, आळंदी, देहू आणि नाशिक येथे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधविली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः मात्र कधी एखाद्या धर्मशाळेत घर केले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे तो आवाज आजही ऐकता येतो. त्यानंतर दीड महिन्यातच, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले.

२०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे चढाओढीने हागणदारीमुक्त होऊ लागली. जिथे ग्रामस्थ स्वतः उतरले तिथे काम टिकले, जिथे केवळ बक्षिसासाठी झाले तिथे ते ओसरले. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरविणाऱ्या नाशिकने हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. गोदाघाटावर सूचनांचे फलक पुष्कळ लागतात, त्यांच्या खालीच निर्माल्याचा ढीगही साचतो. फलक लावणाऱ्याच्या हाती खराटा दिसला, तर तो वाचण्याची गरज फारशी उरणार नाही.