अर्भकमृत्यू आणि ना. म. जोशी
चिंचपोकळीहून लोअर परळकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांचे नाव आहे, तो त्यांच्या हयातीत गिरण्या-चाळींचा मुलूख होता. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके दगावली. आकडा फुगलेला होता, हे खरे: कोकणात झालेल्या बाळंतपणाची नोंद गावी, चाळीतल्या मृत्यूची मात्र मुंबईत. या हिशेबी खुलाशावर समाधान मानणाऱ्यांपैकी जोशी नव्हते. भारत सेवक समाजाच्या या कार्यकर्त्याने १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापली. कामगार स्त्रीला प्रसूतिभत्ता मिळावा, म्हणून १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांतात तसा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले.